पीडीएफ दिसते, पण स्क्रीन रीडर वाचत नाही: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, नजर नसलेली माणसं त्यावर संगणक आणि फोन चालवतात. त्यांची तक्रार एकच असते, "वाचत नाही." त्यामागे मात्र पाच वेगळे बिघाड असू शकतात. म्हणून फाइलला हात लावण्याआधी नेमकं काय ऐकू येतंय ते ऐका.

पहिलं लक्षण: पानं दिसतात, पण स्क्रीन रीडर "ब्लँक" म्हणतो आणि गप्प होतो.

दुसरं: समोर स्वच्छ मराठी मजकूर, आणि आवाज मात्र "ई जे के बी एच" अशी इंग्रजी अक्षरं बडबडत सुटतो.

तिसरं: मराठी वाचतो, पण अडखळत. वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, जोडाक्षरं फुटतात, शब्द मध्येच तुटतो.

चौथं: शब्द बरोबर, क्रम चुकीचा. तक्त्यातले आकडे एका दमात सलग ऐकू येतात, दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत घुसतात.

पाचवं: मधले इंग्रजी शब्द तेवढे ऐकू येतात, मराठी वाक्यं गाळली जातात.

गुहागर तालुक्यात माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. ग्रामपंचायतींच्या नोटिसा, शाळांची परिपत्रकं, मच्छीमार सोसायट्यांच्या सभेच्या सूचना, होमस्टेची दरपत्रकं असं सगळं इथे टाइप होतं. आमच्या वाडीतले एक निवृत्त शिक्षक आहेत. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि साठी उलटल्यावर ते एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर शिकले. एकदा लॅपटॉप पिशवीत घालून ते दुकानात आले आणि म्हणाले, "तू केलेली नळपाण्याची नोटीस गप्प बसलीय रे. बघ जरा." नोटीस खरंच मी टाइप केलेली होती. शाई गडद, अक्षर मोठं, समास सुबक. त्यांच्या लॅपटॉपवर ती पूर्ण मुकी होती. त्या दिवसापासून हाच बिघाड मी किती वेळा दुरुस्त केला असेल त्याची मोजदाद नाही. गुरुजींसाठी केला, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या दोन मुलींसाठी केला, आणि आता आजूबाजूच्या गावांतूनही फाइली येतात.

खालचा क्रम मी ठरवून लावला आहे. आधी फुकट आणि दोन मिनिटांचं, शेवटी पैशाचं आणि दिवसांचं. मधली पायरी गाळू नका. वरची तपासणी सोडून थेट खाली उडी मारली की दोन तास जातात आणि मग कळतं की बिघाड फाइलीत नव्हताच.

आवाज मराठी आहे का?

पाचवं लक्षण असेल तर इथेच थांबा, फाइल बहुतेक निर्दोष आहे. स्क्रीन रीडर मजकूर उचलतो आणि बोलण्याचं काम दुसऱ्याच प्रोग्रॅमवर, म्हणजे आवाजावर सोपवतो. तो आवाज फक्त इंग्रजीचा असेल तर देवनागरी आली की त्याच्याकडे बोलायला काही नसतं, म्हणून तो पुढच्या इंग्रजी शब्दापर्यंत गप्प राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं फाइल रिकामी आहे.

एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए-की (बहुधा इन्सर्ट), कंट्रोल आणि एस एकदम दाबलं की आवाज देणारा प्रोग्रॅम निवडता येतो. तिथे ईस्पीक घ्या आणि मग एनव्हीडीए-की, कंट्रोल आणि व्ही दाबून भाषा मराठी करा. ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे, पहिल्या दिवशी कानाला बोचतो. पण तो फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतो आणि कितीही वेगाने ऐकला तरी अक्षर गाळत नाही. गुरुजी तो ज्या वेगाने ऐकतात त्यातला एकही शब्द मला पकडता येत नाही. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा आणि मराठीचा आवाज उतरवून घ्या. हे वायफाय असेल तेव्हाच करून ठेवा, आगोटीच्या कामांसारखं. पाऊस सुरू झाला की रेंजचा भरवसा नाही.

खात्री करायची असेल तर कुठल्याही मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडा. तिथलं मराठी ऐकू आलं आणि तुमची पीडीएफ गप्प राहिली, तर दोष फाइलीचा.

नोटपॅडची परीक्षा

एकच तपासणी करायची असेल तर ही करा. पीडीएफ उघडा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, मग नोटपॅडमध्ये कंट्रोल-व्ही. अर्धा मिनिट लागतो.

आपल्या डोळ्याला अक्षर म्हणजे आकार. संगणकाच्या पोटात अक्षर म्हणजे क्रमांक. युनिकोडमध्ये 'म'चा क्रमांक २३५०, आणि तो गुहागरात, गडहिंग्लजात, कुठल्याही फोनवर २३५०च. स्क्रीन रीडर आकार बघत नाही, क्रमांक वाचतो. नोटपॅडमध्ये चिकटवलं की आकारांची सजावट गळून पडते आणि खाली क्रमांक काय आहेत ते उघडं होतं. स्क्रीन रीडरला जे मिळतं जवळजवळ तेच तुम्हाला दिसतं.

चार निकाल लागू शकतात.

काहीच चिकटलं नाही, तर पानावर अक्षरं नाहीतच, फोटो आहे. हे पहिलं लक्षण.

कॅपिटल-स्मॉल इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं आली, तर जुना फॉन्ट. दुसरं लक्षण.

मराठी आलं पण वेलांट्या पुढे सरकलेल्या आणि काही ठिकाणी ठिपक्यांचं गोल वर्तुळ, तर पीडीएफ बनवण्याच्या रस्त्यात गोंधळ आहे. तिसरं.

मराठी अगदी नीट आलं, तर अक्षरं ठीक आहेत, बिघाड रचनेत आहे. चौथं.

एक अपवाद. काही पीडीएफना कॉपी करण्याची बंदी घातलेली असते. तिथे नोटपॅड रिकामं राहतं पण स्क्रीन रीडर कदाचित वाचत असेल, कारण कॉपीची परवानगी आणि स्क्रीन रीडरची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वेळी ओळीवर माउस ओढून बघा. अक्षरागणिक निवड होत असेल तर खाली मजकूर आहे. अख्खं पान एका चौकटीत निवडलं जात असेल तर तो फोटो.

फोटो असेल तर आधी फोन उचला

माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत सगळ्यात जास्त याच असतात. कुणीतरी वर्डमध्ये टाइप करतं, प्रिंट काढतं, साहेबांची सही आणि गोल शिक्का घेतं, स्कॅन करतं आणि ते स्कॅन गटावर टाकतं. फाइल जिवंत जन्मली होती, सहीच्या टेबलावर तिचा प्राण गेला.

म्हणून पहिला इलाज सॉफ्टवेअर नाही, फोन आहे. ज्याने टाइप केलं त्याच्याकडे मूळ वर्ड फाइल असतेच. ती मागा. सहीचं स्कॅन राहू दे, त्यासोबत मूळ फाइलही गटावर टाका म्हणा. दहातल्या बऱ्याच वेळा काम इथेच संपतं. आणखी एक गोष्ट पटवून द्यायला उपयोगी पडते: पानाचं स्कॅन काही एमबीचं असतं, तोच मजकूर वर्डमध्ये काही केबीचा. पावसाळ्यात वाडीवर एका दांडीची रेंज असते तेव्हा कुठली फाइल उतरेल हे कुणालाही कळतं, त्याला डोळस-अंध असा भेद नाही.

सरकारी किंवा निमसरकारी कचेरी "असा काही नियम नाही" म्हणाली, तर नियम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळेल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. २०१७ च्या नियमांत तर संकेतस्थळावरची कागदपत्रं ई-पब (ई-पुस्तकाचं स्वरूप) किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकूर म्हणून ओळखून घेतलेल्या, पीडीएफमध्ये असावीत असं स्पष्ट म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी या नियमांतला सुगम्यतेचा नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला, पण तो पुरेसा बंधनकारक नव्हता म्हणून, आणि केंद्राला सक्तीचे नियम करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे भांडायला वापरू नका. आमच्याकडची बहुतेक कारकून मंडळी अडवत नाहीत, त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. मी स्वतःही गुरुजी येईपर्यंत तेच करत होतो.

मूळ फाइल मिळालीच नाही तर ओसीआर करा. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा, मराठी बऱ्यापैकी उचलतं. इंटरनेट नको असेल तर टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात मराठीचा भाग वेगळा घालावा लागतो. स्कॅन सरळ, ३०० डीपीआयचं असू द्या. फोनने काढलेला, कडेला सावली पडलेला फोटो दिला की रफार आणि अनुस्वार आधी गळतात.

आणि मग वाचून बघा, खास करून आकडे. देवनागरी १ आणि ९ मध्ये ओसीआरचा हमखास गोंधळ होतो. एकदा सभेची तारीख १९ होती आणि ओसीआरने ११ केली. शिक्का नेमका आकड्यावर पडला होता. मी मजकूर तपासला, आकडा नजरेखालून तसाच गेला. गुरुजी आठ दिवस आधी, भर पावसात, पुतण्याच्या दुचाकीवर बसून सभेला गेले आणि बंद दार बघून परत आले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून ओसीआर केलेल्या फाइलीतली प्रत्येक तारीख, रक्कम आणि फोन नंबर मी मूळ कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचतो आणि दुकानातला मुलगा स्क्रीनवर बघतो. दोघांशिवाय हे काम करायचं नाही.

जुना फॉन्ट

डीटीपीवाल्यांसाठी हा भाग. युनिकोड सर्रास होण्याआधी आपण सगळे कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख, शिवाजी यांवर हात बसवला. त्या फॉन्टांची युक्ती अशी की फाइलीत इंग्रजी अक्षर ठेवायचं आणि त्यावर मराठी आकार चढवायचा. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलीत पाच इंग्रजी अक्षरं साठतात: ई, जे, के, बी, एच. 'म' दिसतो तिथे क्रमांक १०१, म्हणजे स्मॉल ई. तुमच्या-माझ्या डोळ्यांना 'मराठी' दिसतं, एनव्हीडीए प्रामाणिकपणे जे आहे ते वाचतो. दुसऱ्या लक्षणातली बडबड ती हीच. शोधयंत्रालाही तो मजकूर सापडत नाही आणि फोनवर तो फॉन्ट नसेल तर डोळसालाही वाचता येत नाही.

नवीन काम युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हात बसायला मला साधारण तीन आठवडे लागले, आणि आता वेग पूर्वीइतकाच आहे. कृतिदेवचा हात मोडवत नसेल तर त्याच मांडणीवर युनिकोड टाइप करून देणारे कीबोर्डही मिळतात. तुमची कळ तीच राहते, फाइलीत क्रमांक बरोबर जातो.

जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर आहेत, पण दोन खड्डे सांभाळा. एक, प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. श्रीलिपीच्या मजकुराला कृतिदेवचा कन्व्हर्टर लावला तर तिसरीच भाषा तयार होते. दोन, फाइलीत मध्येच खरं इंग्रजी असेल, ईमेल, वाहन क्रमांक, औषधाचं नाव, तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून चिरडतो. म्हणून वर्डच्या शोधण्याच्या खिडकीत फॉन्टचं नाव देऊन फक्त जुन्या फॉन्टातला मजकूर निवडा आणि तेवढाच बदला. शेवटी 'र्‍या', 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ट्र' ही अक्षरं शोधून डोळ्याखालून घाला. 'दऱ्याखोऱ्या' आणि 'वाऱ्यापावसाचा' इथे कन्व्हर्टर नेहमी पडतो, आणि आपल्याकडच्या नोटिसांत हे शब्द जागोजाग.

वेलांट्या पळतात

फाइल युनिकोडमध्ये, फॉन्ट चांगला, वर्डमध्ये एनव्हीडीए खणखणीत वाचतो, आणि पीडीएफ केली की तोतरं. हे पाहून माझी पहिली दोन वर्षं फार चिडचिड झाली, कारण चूक सापडत नव्हती.

कारण असं. आपण 'कि' लिहितो तेव्हा क्रमांकांत आधी 'क' असतो, मग वेलांटी. चित्रात मात्र वेलांटी आधी काढली जाते. पीडीएफ मुळात छपाईसाठीची वस्तू आहे, तिला चित्राचा क्रम महत्त्वाचा. कुठलं चित्र कुठल्या क्रमांकाचं याचा तक्ता सोबत बांधावा लागतो, आणि काही रस्त्यांनी पीडीएफ केली की तो तक्ता अर्धवट बांधला जातो किंवा बांधलाच जात नाही. जोडाक्षर हे दोन-तीन क्रमांकांचं एकच चित्र, म्हणून तेही तिथेच फुटतं.

इलाज फुकट आहे. "प्रिंट" करून पीडीएफ बनवू नका. प्रिंटचा रस्ता फाइलीला कागद समजतो, मजकुराची रचना टाकून देतो. वर्डमध्ये सेव्ह ॲजमधून पीडीएफ निवडा, ऑप्शन्स उघडा आणि "डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी" वर खूण आहे ना ते बघा. टॅग म्हणजे हे शीर्षक, हा तक्ता असं स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या खुणा. लिबरऑफिसमध्ये एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ, तिथे टॅग्ड पीडीएफ. मग पुन्हा नोटपॅडची परीक्षा. अजून मोडत असेल तर फॉन्ट बदलून करा, काही फॉन्टांचा तक्ताच कच्चा असतो.

कोरलड्रॉमध्ये केलेलं आणि "कर्व्ह" केलेलं काम मात्र या रस्त्याने सुटत नाही. कर्व्ह केलं की अक्षराची रेघ होते, क्रमांक कायमचा गेला. लग्नपत्रिकेला ते चालतं, सूचनेला नाही. कर्व्ह करण्याआधीची फाइल जपून ठेवा आणि मजकूर वेगळा वर्डमध्ये द्या.

माझं स्पष्ट मत, मराठीसाठी पीडीएफवर एकटीवर विसंबू नये. पीडीएफ द्या, पण सोबत वर्ड फाइल किंवा साधं वेबपान द्या. तोतरेपणाचा प्रश्नच उरत नाही आणि कमी दिसणाऱ्याला अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

अक्षरं नीट, तरी कळत नाही

धोपावे-दाभोळ फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की दापोलीकडे जायचा मोठा वळसा वाचतो, म्हणून पर्यटक वेळा विचारतात. एका होमस्टेसाठी मी वेळांचा कागद केला होता. डावीकडे दाभोळहून सुटणाऱ्या, उजवीकडे धोपाव्याहून, मध्ये स्पेसबार आणि टॅब दाबून सोडलेलं अंतर. दिसायला तक्ता. गुरुजींना ऐकवला. एका काठाची वेळ, लगेच दुसऱ्या काठाची, मग पुन्हा पहिल्याची, मोटार सुरू राहावी तसे आकडेच आकडे. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "यातली कुठली बोट मला घरी आणणार?"

तोच कागद खऱ्या तक्त्यात केला. इन्सर्टमधून टेबल, पहिली ओळ शीर्षकाची म्हणून नेमलेली, "रिपीट हेडर रोज" हा पर्याय चालू, एकही चौकट जोडलेली नाही. आता टी दाबलं की एनव्हीडीए तक्त्यावर येतो, कंट्रोल-ऑल्ट आणि बाणाने रकाना बदलला की आधी "धोपाव्याहून" म्हणतो आणि मग वेळ सांगतो. डोळ्याला दोन्ही कागद हुबेहूब सारखे दिसतात. शेजारी ठेवले तरी ओळखता येणार नाहीत.

हेच शीर्षकांचं. ठळक करून, अक्षर मोठं करून केलेलं शीर्षक फक्त दिसतं. होम टॅबवरच्या स्टाइल्समधून हेडिंग १, हेडिंग २ दिलं, किंवा कंट्रोल-ऑल्ट-१ दाबलं, तर ते शीर्षक असतं. वीस पानांच्या परिपत्रकात आपण पानं चाळतो तसं स्क्रीन रीडर वापरणारा एच दाबत शीर्षकांवरून उड्या मारतो. शीर्षक नसेल तर त्याला पहिल्या ओळीपासून सगळं ऐकावं लागतं. दोन रकान्यांचा मजकूर टेक्स्ट बॉक्सांनी नाही, कॉलम्सने करा, म्हणजे क्रम बिघडत नाही. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी ठेवा. झालं की रिव्ह्यूमधलं चेक ॲक्सेसिबिलिटी एकदा चालवा. उरलेल्या चुका ते दाखवतं, सगळ्या नाही.

चित्र आणि रंग

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ येत होतं तेव्हा आमच्या गटांवर इशारे फिरत होते, जवळजवळ सगळे फोटोच्या रूपात. नकाशा, त्यावर लाल आणि पिवळी गावं, खाली फोन नंबर. गुरुजींचा फोन प्रत्येकाला एकच म्हणत होता, "फोटो." घरात त्या वेळी ते एकटे होते. मी दुकानातून फोन करून एकेक फोटो वाचून दाखवला, वीज जाईपर्यंत.

चित्र टाका, त्याखाली तोच मजकूर दोन ओळींत टाइप करा. एवढंच लागतं. वर्डमध्ये चित्रावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचेल तो मजकूर, लिहा: काय दिसतं ते नको, काय सांगायचंय ते लिहा. "नकाशा" नव्हे, तर कोणत्या गावांना कधीपर्यंत इशारा आहे ते. नुसत्या रंगाने काही सांगू नका, लालच्या जोडीला शब्द असू द्या, रंग न ओळखणारे खलाशीही आहेत. नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ ला १ असावा असं वेबच्या सुगम्यतेचं प्रमाण सांगतं. समुद्राच्या फोटोवर पांढरं अक्षर तिथे हमखास नापास होतं, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक होमस्टेचं पहिलं पान तसंच असतं.

संकेतस्थळ असेल तर

माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबने पानभर फिरा. आपण कुठल्या कळीवर आहोत ते दिसतंय का? बुकिंगच्या फॉर्मपर्यंत पोचता येतंय का? रकान्यात गेल्यावर एनव्हीडीए "नाव" म्हणतो की नुसतं "एडिट"? नुसतं "एडिट" म्हणत असेल तर लेबल जोडलेलं नाही. दहा ठिकाणी "येथे क्लिक करा" असेल तर दुव्यांच्या यादीत दहा वेळा तेच ऐकू येतं, म्हणून दुव्यालाच "खोल्यांचे दर" असं नाव द्या. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला सांगा, तो एका ओळीचा बदल आहे. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा असेल तर त्याला आवाजाचा किंवा ओटीपीचा पर्याय हवा, नाहीतर बाकी सगळं नीट असून दार बंदच.

इथे थांबा

काही फाइलींना आपण हात लावायचा नसतो.

डिजिटल सही असलेली पीडीएफ बदलू नका. त्यात एक टॅग जरी घातला तरी सही अवैध दिसू शकते. न्यायालयाचा आदेश, सातबारा, दस्त यांची मूळ प्रत तशीच राहू द्या, सोबत "वाचनासाठीची प्रत" अशी स्पष्ट सूचना देऊन वेगळी वर्ड फाइल करा, आणि काम मूळ प्रतीवरच होईल हे तिथे लिहा.

परीक्षेची प्रश्नपत्रिका, गणिताची सूत्रं, आकृत्या, आलेख असलेलं पाठ्यपुस्तक ओसीआरवर सोडू नका. एक चिन्ह चुकलं की विद्यार्थ्याचं वर्ष जातं. मोडीतली कागदपत्रं आणि हस्तलिखितंही ओसीआरची नव्हेत, त्यांना मोडी वाचणारा माणूस लागतो.

मूळ फाइल नाही, पीडीएफ मोठी आहे, भरायचे रकाने आहेत, तर टॅग हाताने दुरुस्त करावे लागतात. त्याला ॲक्रोबॅटची पैसे भरून घेतलेली आवृत्ती आणि सरावाचा हात दोन्ही लागतं. मी एकदा चाळीस पानांचा अहवाल घेऊन बसलो, चार रात्री घालवल्या, आणि क्रम आधीपेक्षा जास्त बिघडला. आता दहा पानांच्या वर गेलं की मी नाही म्हणतो. संकेतस्थळाचा कोड आपल्या ताब्यात नसेल तेव्हाही ते ज्याने बनवलं त्याच्याचकडे जायला हवं. बाहेरून वर चढवायची "सुगम्यता" बटणं विकत घेऊ नका, लेबल नसलेला रकाना त्यांनी बोलका होईलच असं नाही.

जाणकार निवडताना एकच विचारा: तयार फाइल स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घेणार का? पीएसी किंवा वेव्हसारखी तपासणीची साधनं चांगली आहेत, पण ती टॅग आहे की नाही ते बघतात, त्या टॅगमधलं मराठी कानाला लागतं की नाही ते बघत नाहीत. आणि त्या माणसाच्या वेळेचे पैसे वेगळे धरा. गुरुजी घेत नव्हते. आता फाइलीमागे ठरलेली रक्कम मी त्यांच्या खात्यावर टाकतो, कारण ते काम आहे.

जाणकाराकडे फाइल पाठवताना तीन गोष्टी एकत्र द्या: मूळ फाइल असेल ती, बिघडलेली पीडीएफ, आणि फोनवर केलेलं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग, ज्यात स्क्रीन रीडर नेमका कुठल्या ओळीवर काय बोलतो ते ऐकू येईल. पान क्रमांक आणि स्क्रीन रीडरचं नाव लिहा. "वाचत नाही" एवढंच कळवलं तर तोही आवाजापासूनच सुरुवात करेल, आणि तुमचे दोन दिवस त्यातच जातील.